मायक्रोइमल्शनमध्ये चांदीचे नॅनोकण कसे बनवायचे, आणि थेंबाला साचा समजू नका

पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घ्या, सोडियम बोरोहायड्राइड टाका, पिवळं झालं की झाले नॅनोपार्टिकल. खरंच इतकं सोपं आहे. कण एकसारख्या साइजचे हवे असले की मात्र वैताग सुरू होतो, ढवळण्याचा वेग बदलला, टेंपरेचर दोन डिग्री इकडचं तिकडे झालं, थेंब जरा भरकन पडला, की कालची बॅच वेगळी आणि आजची वेगळी. या भानगडीतून बऱ्यापैकी सुटका करणारी पद्धत म्हणजे तेलातल्या पाण्याचं मायक्रोइमल्शन. म्हणजे भरपूर तेल, त्यात नॅनोमीटर साइजचे पाण्याचे थेंब, प्रत्येक थेंबाभोवती सर्फॅक्टंटचं (साबणासारखा पदार्थ, एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे) कवच आणि रिअ‍ॅक्शन त्या थेंबांच्या आत.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मायक्रोइमल्शन म्हणजे साध्या इमल्शनची बारीक आवृत्ती नव्हे. साधं इमल्शन दुधाळ असतं, जोरात घुसळल्याशिवाय होत नाही आणि ठेवून दिलं की आज ना उद्या फाटतं. मायक्रोइमल्शन काचेसारखं पारदर्शक असतं, हलकं हलवलं की आपलं आपण तयार होतं आणि टेंपरेचर नि प्रमाण तेच ठेवलं तर तसंच राहतं, कारण ते थर्मोडायनॅमिकली स्टेबल आहे. होर आणि शुलमन यांनी असल्या पारदर्शक मिश्रणांबद्दल १९४३ मध्ये लिहिलं, मायक्रोइमल्शन हे नाव आलं १९५९ मध्ये, आणि त्यात धातूचे कण बनवण्याचं काम बुतोने, किझलिंग, स्टेनियस वगैरे मंडळींनी १९८२ मध्ये छापलं, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, इरिडियम, साधारण ३ ते ५ नॅनोमीटरचे. तिथून पुढे हा प्रकार लॅबोलॅब पसरला.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. सर्फॅक्टंटच्या एका मोलमागे पाण्याचे किती मोल, या गुणोत्तराला डब्ल्यू-नॉट म्हणतात. एओटी नावाचं सर्फॅक्टंट, आयसोऑक्टेन आणि पाणी या नेहमीच्या सिस्टिममध्ये पाण्याच्या थेंबाची त्रिज्या नॅनोमीटरमध्ये साधारण ०.१५ गुणिले डब्ल्यू-नॉट इतकी येते. डब्ल्यू-नॉट १० म्हणजे त्रिज्या दीड नॅनोमीटर, २० म्हणजे तीन. पाणी वाढवा, थेंब फुगतो. इतका सरळ हिशोब केमिस्ट्रीत क्वचित मिळतो, आणि म्हणूनच बरेच जण फसतात.

फसतात ते असे की थेंब म्हणजे साचा, थेंब तीन नॅनोमीटरचा तर कणही तीन नॅनोमीटरचा, असं डोक्यात बसतं. एकदा आकडेमोड करून बघा. दीड नॅनोमीटर त्रिज्येच्या थेंबाचं घनफळ साधारण १४ घन नॅनोमीटर. त्यात ०.०५ मोलर (लिटरमागे ०.०५ मोल) सिल्व्हर नायट्रेट असेल तर एका थेंबात सरासरी चांदीचे आयन किती? ०.४३. म्हणजे एकसुद्धा नाही! निम्म्याहून जास्त थेंब चक्क रिकामे असतात. आणि ४ नॅनोमीटर व्यासाच्या चांदीच्या एका कणात अणू असतात दोन हजारांच्या आसपास. म्हणजे तो एक कण बनायला साडेचार हजारांहून जास्त थेंबांमधला माल एकत्र यावा लागतो. कुठला साचा नि काय.

मग हे होतं कसं? थेंब सतत एकमेकांवर आदळत असतात. बहुतेक टक्करींमध्ये नुसते आपटून दूर जातात, पण साधारण हजारात एखाद्या टक्करीत दोन थेंब क्षणभर चिकटतात, मधला पडदा उघडतो, आतला माल इकडून तिकडे जातो आणि पुन्हा दोन थेंब वेगळे होतात. बोरोहायड्राइडची रिअ‍ॅक्शन इतकी फास्ट असते की खरा ब्रेक या देवाणघेवाणीचाच असतो. त्यामुळे कणाची साइज ठरते ती थेंबाचा आकार, सर्फॅक्टंटचा पडदा किती लवचिक आहे, रिड्यूसिंग एजंट (आयनांचा धातू करणारा, इथे बोरोहायड्राइड) किती जोरदार आणि किती जास्त आहे, आणि वाढणाऱ्या कणाला सर्फॅक्टंट किती घट्ट धरून ठेवतं, या सगळ्यांवर मिळून. थेंबाचा आकार हा त्यातला एक मोठा भाग, पण एकमेव नाही. हे डोक्यात ठेवलं तर पुढची प्रत्येक स्टेप का करतोय ते आपोआप कळतं, नाहीतर रेसिपी पाठ करून काही उपयोग नाही.

सर्फॅक्टंट कुठलं घ्यायचं?

चांदीसाठी सुरुवात एओटीनेच करा. पूर्ण नाव सोडियम बिस-२-इथाइलहेक्झिल सल्फोसक्सिनेट, मोलर मास ४४४.६. याची मोठी सोय म्हणजे दोन फाटे असलेल्या शेपटांमुळे ते एकटंच काम भागवतं, बरोबर कोसर्फॅक्टंट (मदतनीस) म्हणून अल्कोहोल घालावं लागत नाही. सीटॅब (ब्रोमाइडवालं दुसरं सर्फॅक्टंट) वापरायचं तर ब्युटेनॉल किंवा हेक्झेनॉल सोबत लागतं, आणि चांदीला तर सीटॅब नकोच, त्यातला ब्रोमाइड चांदीला पकडून सिल्व्हर ब्रोमाइडचा साका खाली बसवतो. सोन्याला सीटॅब चालतं, फक्त क्लोरोऑरिक अ‍ॅसिड त्यात गेल्यावर रंग पिवळ्याचा गडद केशरी होतो, तो सोन्या-ब्रोमाइडचा कॉम्प्लेक्स आहे, कण झाले असं समजून नाचू नका. ट्रायटॉन एक्स-१००, ब्रिज-३०, इगेपाल असले नॉनआयोनिक सर्फॅक्टंटपण चांगले, विशेषतः प्लॅटिनम-पॅलेडियमला आणि जिथे शेवटी सोडियम किंवा सल्फर नको असतं तिथे, पण ते टेंपरेचरला फार नाजूक असतात, चार-पाच डिग्रीत फेज बदलू शकते, तेव्हा वॉटर बाथ हवाच.

तेल म्हणून आयसोऑक्टेन, हेप्टेन किंवा सायक्लोहेक्झेन. यातही गंमत आहे. सायक्लोहेक्झेनचे छोटे रेणू सर्फॅक्टंटच्या शेपटांमध्ये आत घुसतात आणि पडदा कडक होतो, म्हणून थेंबांमधली देवाणघेवाण हेप्टेनच्या तुलनेत दहाएक पट मंदावते. एओटी तेच, डब्ल्यू-नॉट तेच, नुसतं तेल बदललं तरी कणांची साइज बदलते ती यामुळे.

सामान आणि मापं

१०० मिलिलिटर स्टॉक करू. एओटी ४.४५ ग्रॅम वजन करून १०० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या, थोड्या आयसोऑक्टेनमध्ये विरघळवा, मग खुणेपर्यंत भरा. हे झालं ०.१ मोलर. एओटी चिकट मेणासारखं असतं, विरघळायला वेळ खातं, रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर सोडून द्या पण हॉट प्लेटची हीट बंद ठेवून. आयसोऑक्टेनचा फ्लॅश पॉइंट उणे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे नॉर्मल खोलीतही त्याची वाफ पेट घ्यायला तयारच बसलेली असते. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, जवळपास ज्योत नाही, ठिणगी पडेल असं काही नाही.

एओटी हवेतलं पाणी ओढतं. उघड्या डब्यातल्या एओटीत वजनाच्या २ टक्के पाणी आधीच असलं तर तुमचा डब्ल्यू-नॉट १० ऐवजी साडेदहा होतो. फार मोठा फरक नाही, पण डब्ल्यू-नॉट ३ किंवा ५ वर काम करत असाल तर हाच अर्धा आकडा चांगलाच टोचतो. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा, जमलं तर कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजून घ्या आणि ते हिशोबात धरा.

सिल्व्हर नायट्रेट ०.०५ मोलर, म्हणजे १० मिलिलिटर डीआयोनाइज्ड पाण्यात ०.०८५ ग्रॅम. ब्राउन बाटलीत किंवा फॉइल गुंडाळून, उजेडाने ते खराब होतं. नळाचं पाणी अजिबात नाही, त्यातल्या क्लोराइडने लगेच पांढरा गढूळपणा येतो. ग्लोव्हज घाला, नाहीतर बोटांवरचे काळे डाग कित्येक दिवस मिरवत फिरावं लागेल.

सोडियम बोरोहायड्राइड ०.१ मोलर, म्हणजे १० मिलिलिटर पाण्यात ३८ मिलिग्रॅम. हे अगदी शेवटी बनवायचं, बर्फात थंड केलेल्या पाण्यात, आणि तेव्हाच्या तेव्हा वापरायचं, कारण पाण्यात ते स्वतःच मरत जातं आणि हायड्रोजन सोडतं. दुपारी बनवलेलं संध्याकाळी वापरून साइज वाढली म्हणून डोकं खाजवण्यात अर्थ नाही. आणि त्या बाटलीचं झाकण घट्ट लावू नका. या १० मिलिलिटरमधून पूर्ण विघटन झालं तर जवळजवळ १०० मिलिलिटर हायड्रोजन निघतो, छोटी बंद कुपी फुटायला तेवढं पुष्कळ.

आता प्रत्यक्ष

दोन फ्लास्क घ्या, ए आणि बी. दोन्हीत एओटीचा स्टॉक २५-२५ मिलिलिटर. २५ मिलिलिटरमध्ये एओटी अडीच मिलिमोल, डब्ल्यू-नॉट १० हवा म्हणजे पाणी २५ मिलिमोल, म्हणजेच ०.४५ मिलिलिटर. तर ए मध्ये मायक्रोपिपेटने ०.४५ मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट, बी मध्ये तेवढंच बोरोहायड्राइड. पहिल्या क्षणी दोन्ही गढूळ दिसतील, हलवत राहा, मिनिटा-दोन मिनिटांत काचेसारखं साफ झालं पाहिजे. साफ झालं नाही तर पुढे जाऊच नका! एक तर पाणी जास्त पडलंय, नाहीतर एओटी कमी आहे, नाहीतर खोली फार गार किंवा फार गरम आहे. गढूळ मिश्रणात रिअ‍ॅक्शन केलीत तर ती मोठ्या थेंबांमध्ये होते आणि कण हव्या त्या साइजचे निघतात, तुम्हाला हव्या त्या नव्हे, त्यांना हव्या त्या.

तिसऱ्या छोट्या फ्लास्कमध्ये याच मापाने नुसतं पाणी घालून ब्लँक करून ठेवा. स्पेक्ट्रोमीटरला लागेल, डायल्यूट करायलापण लागेल. पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि मग साध्या आयसोऑक्टेनचा बेसलाइन घेऊन विचित्र आलेख काढत बसतात.

मग ए मॅग्नेटिक स्टररवर ठेवा, मध्यम वेग, २५ अंशाला, आणि बी त्यात एकदम ओता. हो, एकदम. थेंब थेंब घालायचा मोह होतो कारण बाकी सगळ्या सिंथेसिसमध्ये तसंच शिकवलेलं असतं, पण इथे हळूहळू घातलं की सुरुवातीला थोडे न्यूक्लियस (कणांची बीजं) तयार होतात आणि नंतर आलेला माल त्यांच्यावरच चढत जातो, म्हणजे काही कण मोठे, काही लहान. सगळ्या चांदीला एकाच वेळी रिड्यूसर भेटला तर न्यूक्लियस एका दमात बनतात. काही लोक बोरोहायड्राइडचं पाणी बी न बनवता सरळ ए मध्ये इंजेक्ट करतात, त्यानेही कण होतात, पण जिथे थेंब पडला तिथे काही क्षण मोठा पाण्याचा गोळा असतो आणि वर डब्ल्यू-नॉटही बदलतो. दोन मायक्रोइमल्शनची पद्धत एका फ्लास्कने महाग आहे, बास.

रंग जवळजवळ लगेच पिवळा होतो, मग पिवळसर तपकिरी. बारीक बुडबुडे येतील, तो हायड्रोजन, फार तर साडेचार मिलिलिटर, पण फ्लास्कला घट्ट बूच नको. तासभर ढवळू द्या.

झालं ते कसं ओळखायचं

यूव्ही-व्हिज स्पेक्ट्रोमीटरमध्ये (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) चांदीच्या नॅनोकणांचा प्लाझमॉन पीक, म्हणजे त्यांच्या रंगामागचा शोषणाचा उंचवटा, साधारण ३९० ते ४२० नॅनोमीटरला दिसतो. सरळ मोजायला गेलात तर सिग्नल वर छताला चिकटेल, दहापट डायल्यूट करा, ब्लँक मायक्रोइमल्शनने. पाण्याने तर नाहीच करायचं, ते मिसळणारच नाही. क्युव्हेट क्वार्ट्झचा किंवा काचेचा घ्या, सायक्लोहेक्झेन वापरत असाल तर पॉलिस्टायरिनचे डिस्पोजेबल क्युव्हेट लांब ठेवा. पीक अरुंद आणि एकटा असेल तर छान. उजवीकडे लांब शेपूट पसरली किंवा ५०० च्या पुढे दुसरा उंचवटा आला तर कण एकमेकांना चिकटायला लागलेत. एक लक्षात घ्या, कण फार लहान असले की पीक रुंद होतो, त्यामुळे रुंद पीक म्हणजे साइज एकसारखी नाही असा निष्कर्ष लगेच काढू नका.

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर (विखुरलेल्या प्रकाशावरून साइज काढणारं मशीन) फार विसंबू नका. ते मशीन सगळ्या थेंबांकडे बघतं, आणि कण नसलेले थेंब कणवाल्या थेंबांच्या हजारो पट आहेत. डब्ल्यू-नॉट १० ला शेपटांसकट थेंबाचा व्यास पाच-सहा नॅनोमीटर येतो, तोच आकडा ब्लँकलापण येतो, आणि लोक तो कणाची साइज म्हणून लिहून मोकळे होतात. आधी ब्लँक मोजा, मग बोला. खरा आकडा टीईएममधून (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप), कार्बनच्या पातळ पडद्याच्या ग्रिडवर एक थेंब टाकून, आणि निदान दोनशे-तीनशे कण मोजून हिस्टोग्राम. सर्फॅक्टंट जास्त राहिलं तर टीईएममध्ये सगळं चिखलासारखं दिसतं, म्हणून आधी धुणं आलं. चांदीच आहे याची खात्री एक्स-रे डिफ्रॅक्शनने करा, तांब्याच्या के-अल्फाने ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांना पीक, आणि कण लहान म्हणून ते रुंद.

बाहेर काढायचे कसे

हा भाग दिसतो सोपा पण निम्मी मेहनत इथे वाया जाते. इथेनॉल किंवा अ‍ॅसिटोन घातलं की मायक्रोइमल्शन मोडतं, कण गोळा होऊन खाली बसतात, सेंट्रीफ्यूज करा, पुन्हा इथेनॉलने धुवा, दोन-तीनदा. कॅटॅलिस्ट म्हणून एखाद्या सपोर्टवर बसवायचे असतील तर एवढं पुरे, किंबहुना सपोर्टची पावडर आधीच फ्लास्कमध्ये टाकून मग मायक्रोइमल्शन मोडलं तर कण तिच्यावरच उतरतात. पण धुऊन झाल्यावर ते कण पुन्हा सुटे सुटे विरघळतील अशी आशा ठेवलीत तर निराशा होईल, कवच गेलं की ते एकमेकांना घट्ट धरतात.

सुटे हवे असतील तर मायक्रोइमल्शन मोडण्याच्या आधी डोडेकेनथायॉल घाला. आपल्या ५० मिलिलिटरला ५० मायक्रोलिटर म्हणजे चांदीच्या मोलच्या नऊ-दहा पट होतं. थोडा वेळ ढवळा, मग इथेनॉल, मग सेंट्रीफ्यूज, आणि खाली बसलेलं हेक्झेन किंवा टोल्यूइनमध्ये घेतलं की परत पिवळं तपकिरी पारदर्शक द्रावण. थायॉलचा वास भयंकर असतो, हूडबाहेर बाटली उघडलीत तर अख्खा मजला तुम्हाला शोधत येईल.

साइज बदलायची असेल तर काय हलवायचं

पहिला नॉब डब्ल्यू-नॉट, ५ पासून १५-२० पर्यंत बदलत न्या, साइज साधारण वाढत जाते, पण एका टप्प्यानंतर वाढ मंदावते किंवा थांबते, आणि हे साचा नसल्याचं लक्षणच आहे. डब्ल्यू-नॉट १० च्या खाली पाणी बरंचसं एओटीच्या डोक्यांना आणि सोडियमला बांधलेलं असतं, नेहमीच्या पाण्यासारखं वागत नाही, तिथे रिअ‍ॅक्शन जरा आळसावते. दुसरा नॉब रिड्यूसर. बोरोहायड्राइड जास्त घातलं की एकदम खूप न्यूक्लियस, म्हणून कण लहान. हायड्रॅझिन चांदीला तुलनेने सावकाश रिड्यूस करतं, कण मोठे होण्याकडे कल, शिवाय ते विषारी आणि कॅन्सरचा संशय असलेलं, तेव्हा गरज नसेल तर हात लावू नका. तिसरा तेल, ते वर सांगितलंच. एका वेळी एकच नॉब फिरवा. मिठाचं (म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचं) काँसंट्रेशन वाढवायचा विचार असेल तर जपून, आयन जास्त झाले की एओटी तितकं पाणी धरू शकत नाही आणि साफ असलेलं मिश्रण अचानक गढूळ होतं.

दुसरे धातू करायचे तर सोनं ५२० नॅनोमीटरच्या आसपास लाल. तांबं ५६० ते ५७० ला, पण नायट्रोजन सोडून ऑक्सिजन पूर्ण घालवल्याशिवाय नाही, नाहीतर लालसर रंग येतो आणि डोळ्यांदेखत जातो. चांदी-सोन्याचा मिश्र कण करायचा म्हणून दोन्ही मीठं एकाच पाण्यात विरघळवू नका, क्लोरोऑरिक अ‍ॅसिडमधला क्लोराइड चांदीला सिल्व्हर क्लोराइड करून टाकतो.

या पद्धतीचा खरा तोटा आता मापून सांगतो. वरच्या एका बॅचमध्ये ५० मिलिलिटर आयसोऑक्टेन आणि सव्वादोन ग्रॅम एओटी खर्च होऊन चांदी किती मिळते? फार तर २.४ मिलिग्रॅम. म्हणजे धातूच्या नऊशेपट सर्फॅक्टंट. कणांच्या साइजचा परिणाम अभ्यासायचा असेल, कॅटॅलिसिसचा बारीक प्रयोग असेल, तर ही किंमत परवडते. ग्रॅमने माल हवा असेल तर दुसरी पद्धत बघा, ही ताणून मोठी करण्याच्या नादी लागू नका.

उरलेलं सॉल्व्हंट सिंकमध्ये नाही, हॅलोजन नसलेल्या ऑरगॅनिक वेस्टच्या कॅनमध्ये. चांदीचं पाणी वेगळ्या बाटलीत, आणि त्या बाटलीत अमोनिया कधीही ओतायचा नाही, अमोनिया मिसळलेलं सिल्व्हर नायट्रेट साठून राहिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतात. उरलेलं बोरोहायड्राइड हूडमध्ये उघड्या बीकरमध्ये भरपूर पाणी घालून रात्रभर मरू द्या, थेट अ‍ॅसिडमध्ये ओतलं तर हायड्रोजन भसाभसा निघतो. फ्लास्कच्या काचेवर चांदीचा थर बसला असेल तर तो डायल्यूट नायट्रिक अ‍ॅसिडने जातो, पण आधी अ‍ॅसिटोन आणि इथेनॉलचा शेवटचा थेंबसुद्धा पाण्याने धुऊन काढा, मगच अ‍ॅसिड, कारण नायट्रिक आणि हे दोघं एकत्र आले की आग किंवा स्फोट दोन्ही होऊ शकतं.